हरभऱ्याएवढा पैलवान

"साखर चौसष्ट," सिस्टर कसबे म्हणाल्या आणि हिंदुरावांच्या बोटावर कापूस दाबून पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी कपाळाला हात लावला. नवऱ्याची साखर पडत नाही म्हणून हळहळणारी बाई त्या अख्ख्या दवाखान्यात मी एकटीच असेन. आज उपवासाचा तिसरा दिवस होता. पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा, याखेरीज पोटात काही नाही. आणि तरी गडी खाटेवर मांडी ठोकून शेजारच्या पेशंटला रंगवून सांगत होता, कुठल्या पैलवानानं कुणाला कुठल्या डावावर उचलून मारला. घाम नाही, असंबद्ध बोलणं नाही, नजर फिरणं नाही. दोन वर्षं ज्या दुखण्यानं आमच्या घराची झोप उडवली होती, ते नेमकं डॉक्टरांसमोर दडी मारून बसलं होतं.

आता बरीच वर्षं झाली या गोष्टीला. माणसांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते, पण लिहिताना ते 'हे' कुठवर पुरणार? म्हणून सरळ नावानं लिहिते. वाचतील तर हसतील.

हिंदुराव कुस्तीचे निवेदक. आमच्या सांगली भागात जत्रा म्हटली की कुस्तीचं मैदान आलंच, आणि मैदान म्हटलं की माइक धरून बोलणारा माणूस आला. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आजा कुणाशी लढला होता, सगळं तोंडपाठ. कुस्ती कंटाळवाणी झाली तरी हिंदुरावांच्या बोलण्यासाठी लोक उन्हात बसून राहायचे. मी अंगणवाडीत ताई, दिवसभर पोरांना गप्प करण्यात माझा घसा बसायचा, आणि या माणसाचा आवाज दहा मैदानं झाली तरी खणखणीत. त्यांचा एक नेम होता, शेवटची जोड सुटेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. सकाळी अंघोळ करून निघाले की दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी.

एका जत्रेत आमच्याच गावच्या मैदानात दुपार कलल्यावर त्यांची जीभ जड झाली. चितपट पडलेल्यालाच त्यांनी विजयी केलं. मग कधीच वारलेल्या एका वस्तादांना, त्यांनी व्यासपीठावर यावं म्हणून, आग्रहानं हाका मारायला लागले. लोक आधी हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. जत्रा कमिटीचे आबासाहेब थोरात उठले, त्यांनी हिंदुरावांच्या हातातून माइक काढून घेतला आणि माइक चालू असतानाच म्हणाले, "घरी न्या रं ह्याला कुणीतरी. लई झालीया."

ज्या माणसानं जन्मात ताडीचा वाससुद्धा घेतला नव्हता, तो भर मैदानात दारुडा ठरला.

घरी आणल्यावर मी गोड चहा पाजला. थोड्या वेळानं माणूस ताळ्यावर आला आणि मलाच विचारायला लागला, "मैदान सुटलं का गं? मी घरी कसा?"

मग ते वारंवार व्हायला लागलं. सकाळी उठवायला गेलं की परक्या बाईकडं बघावं तसं माझ्याकडं बघायचे. अंथरूण घामानं भिजलेलं. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मनावरच्या. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी म्हणालं चोरून पितोय. सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, सगळं खापर माझ्या पायगुणावर फोडलं. हिंदुरावांना खाल्ल्यावर बरं वाटायचं, म्हणून ते सारखे खात सुटले आणि अंगानं सुटले. मैदानांची बोलावणी बंद झाली. फेटा घडी घालून ठेवला तो ठेवलाच. घरात बोलायचे तेही हळू आवाजात, हे मला फार लागायचं.

शेवटी मिरजेच्या एका शहाण्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला डॉ. रोहिणी नाडगौडा यांच्याकडं धाडलं. एरवी बघायला न मिळणाऱ्या गाठींचे पेशंट लांबून लांबून त्यांच्याकडं यायचे. बाई बारीक अंगाच्या, बोलणं तुटक. सगळ्यांनी मला 'काय होतं' विचारलं होतं. यांनी विचारलं, "शुद्धीवर कशानं येतात?"

"चहानं," मी म्हणाले. "गोड चहानं."

त्यांनी समोरची फाइल मिटली आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. "शालनताई, आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. क्वचित कधी त्याच पेशींची बारीक गाठ होते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात तिला. ती गरज असो नसो, इन्सुलिन सोडत राहते. पोट रिकामं असलं की रक्तातली साखर तळाला जाते, आणि साखर नसली की मेंदू गडबडतो. लोकांना वाटतं, माणूस प्यालाय किंवा वेडा झालाय. लाखांत एखाद्याला होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही."

"मग काढा की ती गाठ."

"आधी ती आहे हे सिद्ध करायला हवं. त्याशिवाय सर्जन सुरी लावणार नाहीत, आणि लावूही नये. त्यांना इथं तीन दिवस उपाशी ठेवू. साखर पडली की त्याच क्षणाचं रक्त घ्यायचं. साखर तळाला आणि इन्सुलिन मात्र भरपूर, असं दिसलं की चोर सापडला."

म्हणजे नवऱ्याला उपाशी ठेवायला मी पुण्यात आले होते. 'ही माझ्या लेकराला उपाशी मारायला निघालीया,' असं साऱ्या गावाला सांगून आत्याबाईही सोबत आल्या होत्या. खाटेच्या उशाशी ठाण मांडून बसायच्या, अधूनमधून लेकाच्या कपाळाला सिद्धनाथाचा अंगारा लावायच्या. मी अंघोळीला, चहाला गेले की राखण त्यांचीच.

आणि आता तिसरा दिवस सरत आला होता. संध्याकाळी डॉ. नाडगौडा आल्या. चार्ट बघितला, हिंदुरावांना दोन-चार प्रश्न विचारले आणि मला बाजूला घेतलं.

"तीन दिवसांत साखर एकदाही पन्नासच्या खाली गेली नाही. ही गाठ असती तर बहुतेक पडलीच असती. मला वाटलं होतं तसं नाहीये, ताई. उद्या घरी जा. मानसोपचाराच्या चांगल्या डॉक्टरांचं नाव देते."

"म्हणजे ह्यांना वेड लागलंय, असंच ना?"

"मी असं म्हणाले नाही."

पण गाव म्हणणार होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. रोग नाही म्हटल्यावर बायका नारळ फोडतात, आणि मी तिथं व्हरांड्यात उभी राहून रडत होते. रोग नाही, तर मग औषधही नाही. उरलेला जन्म हिंदुरावांनी दारुडा नाहीतर वेडा म्हणून काढायचा, एवढंच काय ते आमच्या हाती उरलं होतं.

डोळे पुसून सामान आवरायला घेतलं. हिंदुराव खिडकीशी उभे होते. मी उशी उचलली आणि बघतच राहिले. उशीखालून मुंग्यांची रांग लागली होती, खाटेच्या पायापासून थेट वरपर्यंत. उशीच्या अभ्र्यात एक कापडी पुरचुंडी होती. सोडली तर आत गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे.

"आत्याबाई, हे काय?"

"परसाद," त्या शांतपणे म्हणाल्या.

"खाल्ला कुणी?"

"त्येनं. मी दिला."

"तीन दिवस उपाशी ठेवायचं सांगितलं होतं की नाही?"

"मग उपाशीच हाय की. म्या काय भाकरी घातली त्येला? सिद्धनाथाचा परसाद हाय त्यो. परसादानं उपास मोडतोय व्हय कुठं?"

मी हिंदुरावांकडं बघितलं. ते खाली बघत म्हणाले, "आईनं देवाचा प्रसाद पुढं केला. नको कसं म्हणायचं?"

कडकडीत उपास धरणारी बाईसुद्धा आमच्याकडं तीर्थप्रसाद घेतेच. डॉक्टरांनी चहा चालेल, पाणी चालेल, दूध चालणार नाही, असं सगळं सांगितलं होतं. प्रसादाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, आणि आत्याबाईंच्या हिशेबी प्रसाद हे खाणंच नव्हतं. या दोघांच्या मधल्या फटीत माझ्या नवऱ्याचा रोग सांडून गेला होता.

राग यायला हवा होता. आला तो आनंद. एवढा आला की मी ती पुरचुंडी उराशी धरली आणि आत्याबाईंचा हात धरून त्यांना जवळजवळ ओढत नेलं. डॉ. नाडगौडा पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या.

"म्याडम, हे उपाशी नव्हते. तीन दिवस गूळ खात होते."

त्यांनी पुरचुंडीत बघितलं, मग आत्याबाईंकडं. मला वाटलं, आता बाई कडाडणार. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"आजी, दर किती वेळानं देत होता?"

"वेळ कुठला म्या बघू? त्येच्या वठावर घाम आला, डोळं जड व्हायला लागलं, की एक खडा. लगीच तरतरी यायची. देवाचाच गुण त्यो."

डॉक्टरीणबाई हसल्या. आधी गालात, मग चांगल्या मोकळ्या हसल्या. "ऐकलंत, शालनताई? घाम यायचा, डोळे जड व्हायचे. म्हणजे साखर पडत होती. आम्ही बोट टोचायच्या आत आजी ती वर चढवत होत्या." आणि मग त्यांनी गुळाचा एक बारका खडा उचलून तोंडात टाकला. "प्रसाद आहे, नको कसं म्हणू? पण आजी, आता हा माझ्याकडं राहील. त्यांना दोन दिवस पोटभर जेवू द्या. मग पुन्हा उपवास. आणि या खेपेला राखण तुम्ही करायची. कुणी काही देत नाही ना, ते बघायचं. साखर पडली, रक्त घेऊन झालं, की पहिला प्रसाद तुम्हीच भरवायचा. शब्द देते."

आत्याबाईंनी पुरचुंडीला आपल्या हातानं गाठ मारली. मग विचारलं, "त्याला काई हुणार न्हाई ना, बाई?"

"मी शेजारी उभी असेन."

दुसऱ्या उपवासात आत्याबाईंनी खाटेपाशी जी बैठक मारली ती मारली. त्यांनी स्वतःही अन्न सोडलं. चहावाल्याला त्या दारातूनच पिटाळत. एकदा सिस्टर कसबे औषधाची गोळी घेऊन आल्या तर आत्याबाईंनी मनगट धरलं, "गोड न्हाई ना त्यात?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी हिंदुरावांच्या ओठांवर घाम चमकला. सिस्टरांनी बोट टोचलं. एक्कावन्न. निरोप गेला आणि डॉ. नाडगौडा शब्द दिल्याप्रमाणे येऊन उभ्या राहिल्या. शिरेत लावलेली नळी, ग्लुकोजची सिरिंज, सगळं हाताशी.

"अजून थोडं," त्या म्हणाल्या. "चोर दारात आलाय. आत येऊ द्या."

हिंदुराव एकदम उठून बसले. त्यांनी मूठ तोंडापाशी धरली आणि बोलायला सुरुवात केली. "हलगी थांबवा. मंडळी, बसून घ्या. जोड सुटत न्हाई..." पुढचे शब्द एकमेकांत अडकले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खुदकन हसला आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. भर मैदानात लोक असंच हसले होते. मी पुढं होऊन हिंदुरावांचा हात धरला, तर त्यांनी तो झटकला.

"ही बाई कोण?" त्यांनी आईला विचारलं.

"तुझी बायको हाय लेकरा. शालन."

"आये, घास दे. एक घास दे गं. मला कायतरी हुतंय."

आईकडं लेकरानं घास मागितला आणि आईनं तो द्यायचा नाही, यापेक्षा अवघड काम मी पाहिलेलं नाही. आत्याबाईंनी खाटेची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तोंडानं नुसतं नाथाचं नाव. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या जागच्या हलत नव्हत्या. माझंच मन कच्चं झालं. मी म्हणाले, "म्याडम, पुरे करा आता."

मला गप्प केलं ते आत्याबाईंनी. "थांब गं," त्या म्हणाल्या. "चोर पळंल."

"अडतीस," सिस्टर म्हणाल्या.

"घ्या," डॉ. नाडगौडा म्हणाल्या. रक्ताच्या बाटल्या एकामागोमाग एक भरल्या. शेवटचीला बूच लागलं तशी त्यांनी स्वतः ग्लुकोज शिरेत सोडलं. माणूस परत येताना मी शेकडो वेळा पाहिला होता, पण त्या दिवशी प्रथमच भीती न बाळगता पाहिला. नजर स्थिर झाली, खांदे सैल पडले, आणि हिंदुरावांनी आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

"एवढी गर्दी कशाला? काय झालं?"

"झालं ते लई चांगलं झालं," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पुरचुंडी आत्याबाईंच्या हातात दिली. म्हातारीनं लेकाच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि मग एक खडा आपल्या तोंडात टाकला.

रक्तानं साक्ष दिली. साखर तळाला आणि इन्सुलिन ओसंडून वाहणारं. मग एक खास स्कॅन झाला, आणि ज्या पोटाच्या दोन साध्या तपासण्यांत काही दिसलं नव्हतं, त्याच पोटात स्वादुपिंडाच्या शेपटाकडं एक ठिपका उजळला. या गाठींवर एकट्यानं निर्णय घ्यायचा नसतो म्हणे. स्कॅन वाचणारे, सर्जन, भूल देणारे, डॉ. नाडगौडा, सगळे एका टेबलाभोवती बसले आणि आमच्या हिंदुरावांवर तासभर बोलले. गावात दोन वर्षं सगळे त्यांच्यावर बोलत होते, पण हे बोलणं वेगळं होतं.

ऑपरेशन डॉ. तांबोळींनी केलं. बाहेर आले तेव्हा टोपीच्या कडा घामानं ओल्या होत्या. "हरभऱ्याएवढी होती," त्यांनी बोटांनी दाखवलं. "अख्खी निघाली. आणि काय गंमत, ती बाहेर येताच साखर आपली आपण चढायला लागली."

आत्याबाईंनी त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. एवढा मोठा सर्जन, पण मान खाली घालून त्यानं ते करून घेतलं.

घरी आलो आणि ताकद यायला वेळ लागला, पण सकाळी जाग यायची ती माझ्या आधी. गावाला मात्र हे सांगून पटेना. 'पोटात गाठ होती म्हणून मैदानात बरळला,' असं म्हटलं की लोक मान हलवायचे आणि एकमेकांकडं बघायचे. जत्रेच्या तोंडावर मीच आबासाहेब थोरातांच्या दारात गेले.

"आबा, यंदा माइक ह्यांना द्या."

"शालन, मला काय वाईट वाटत न्हाई व्हय? पण परत तसं झालं तर? कमिटीचं हसं हुईल."

"दिवसभर उपाशी उभे राहतील. एक शब्द जरी चुकला तर माइक काढून घ्या, आणि परत मी तुमच्या दारात यायची नाही."

मैदान भरलं, माइक हिंदुरावांच्या हातात आला. आमच्याकडं बायका मैदानात उतरत नाहीत. आम्ही देवळाच्या माडीवर बसतो, तिथून खालची लाल माती सगळी दिसते. मी अंगणवाडीच्या पोरासारखी एका जागी बसू शकत नव्हते. दुपार कलली. त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नीट जातंय का, ते मी कान देऊन ऐकत होते. आबासाहेब माइकच्या अगदी जवळ खुर्ची टाकून बसले होते, ते कशासाठी हे मला पक्कं ठाऊक होतं. पण हिंदुरावांची गाडी सुसाट होती. नातवाच्या कुस्तीत त्यांनी आज्याची कुस्ती उभी केली, डाव पडायच्या आधी डावाचं नाव घेतलं, एका पंचाची फिरकी घेऊन सगळं मैदान हसवलं. ऊन उतरलं तसे आबासाहेब खुर्ची मागं घेऊन आरामात रेलले.

शेवटची जोड लागायच्या आधी हिंदुरावांनी हलगी थांबवली.

"मंडळी, एका कुस्तीचा निकाल द्यायचा राहिलाय. ती कुस्ती माझ्या पोटात झाली. हरभऱ्याएवढा पैलवान होता. त्यानं मला ह्याच मातीत, तुमच्या सगळ्यांसमोर पाडला. तुम्हाला वाटलं, मी दारू प्यालोय. तुमची चूक नाही, तो कुणाला दिसलाच नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना दिसला नाही. पण एक माणूस दोन वर्षं त्याला सोडायला तयार नव्हता. सगळ्यांनी सोड म्हटलं तरी पकड ढिली केली नाही. मी ओळखसुद्धा देत नव्हतो, तरी नाही."

मी पदराचं टोक दातात धरलं.

"निकाल ऐका. चितपट कुस्ती. विजयी, शालन हिंदुराव मोहिते. राहणार ह्याच गावची. तालीम, आमचं घर."

खालची सगळी डोकी माडीकडं वळली. फेटे उडाले, हलगी कडाडली. आबासाहेब थोरात खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मला कुठं बघावं कळेना. घरी आल्यावर बघते यांच्याकडं, असं काहीतरी मी पुटपुटले, पण डोळ्यांतून पाणी वाहायचं थांबेना.

शेजारी आत्याबाई बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. मैदानात पंच जिंकलेल्या पैलवानाचं मनगट धरतात तसं त्यांनी माझं मनगट धरलं, आणि साऱ्या गावाला दिसेल असा माझा हात वर केला.